वोलग्रासच्या एकोणसाठ दांड्या

तिसरी घंटा झाली असं समजा. दिवे गेले आहेत. समोर मखमली पडद्याच्या जागी धुकं आहे आणि ते खालून वर, सावकाश उचललं जातंय. आधी दिसतात लाकडी फळ्या, एकीपुढे एक टाकलेल्या, आत आत गेलेल्या. मग फळ्यांच्या दोन्ही अंगांना ओलं शेवाळ, कुठे पोपटी, कुठे आमसुलासारखं लाल. शेवाळातून वर आलेल्या बारीक हिरव्या दांड्या, आणि त्यातल्या कित्येकींच्या टोकाला पांढरा कापूस. जून महिन्यातली सकाळ, साडेसात. मध्यावर एक बाई फळीवर गुडघे टेकून वाकली आहे. अंगात पिवळा रेनकोट, पायात रबरी बूट, कपाळावर बारीक टिकली. तिचं तोंड जमिनीपासून हातभर वर आहे आणि ओठ हलतायत. पूजा चालली असावी असं वाटेल. ती मोजतेय.

हा प्रवेश मी प्रत्यक्ष पाहिला आहे. माझ्यासाठी विंगेत, म्हणजे जिथे फळ्या सुरू होतात तिथे, एक घडीची खुर्ची मांडली होती. "ताई, इथून हलायचं नाही," असं मला बजावलेलं होतं. मी विचारलं, का गं, बुडेन की काय? तर म्हणाली, "तुम्ही नाही बुडणार. पण तुम्ही जोरात पाय टाकलात तर खालचे बुडबुडे वर येतील आणि माझं आजचं माप खोटं होईल." आयुष्यभर मी पायाखालच्या फळ्या दणाणून सोडल्या. इतक्या हळू चालणारी बाई मी पहिल्यांदा पाहत होते.

ही वसुधा देवकुळे. वय चोपन्न. आम्ही हॅनोव्हरला एकाच इमारतीत राहतो. ती दुसऱ्या मजल्यावर, नवरा भास्कर आणि मुलगी ईश्वरी यांच्याबरोबर. मी चौथ्यावर, माझ्या लेकीकडे, शुभाकडे. गुडघ्यांनी रंगभूमी सोडायला लावली तेव्हा शुभा मला इथे घेऊन आली, त्याला आता आठ वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात मी खिडकीशी बसून नुसती पानगळ झालेली झाडं बघायची. एक दिवस वसुधा खालून पिठलं घेऊन वर आली आणि म्हणाली, "ताई, मी तुमचं नाटक येवल्यात पाहिलंय. तुमच्या अंगावर जी पैठणी होती ती खरी नव्हती." कुठल्याही समीक्षकानं मला इतकं नेमकं काही सांगितलं नव्हतं. तिथून आमची मैत्री.

तिचे वडील येवल्यात हातमागावर पैठणी विणत. लहानपणी तिचं काम काठाचे धागे मोजण्याचं. दहा धागे झाले की आगपेटीतली एक काडी डावीकडून उजवीकडे सरकवायची. एक धागा चुकला तर मोराचा डोळा तिरळा होतो, हे तिला सहाव्या वर्षी माहीत होतं. नाशिकला वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाली, लग्न झालं, बावीस वर्षांपूर्वी भास्करबरोबर इथे आली. ईश्वरी शाळेत जायला लागल्यावर जर्मन शिकली आणि एका संशोधन संस्थेत तांत्रिक सहाय्यक म्हणून लागली. संस्थेचं काम मोअरवर. मोअर म्हणजे उत्तरेकडची ही दलदल. हजारो वर्षांचं शेवाळ मरून, न कुजता, थरावर थर साचलेलं. माणसांनी मधल्या काळात चर खणून तिचं पाणी काढलं, थर कापून बागांना माती म्हणून नेले. आता शहाणपण आलं म्हणून चर बुजवून पाणी पुन्हा कोंडलं आहे. आणि पाणी आलं तसं वोलग्रास आलं, म्हणजे हे टोकाला कापूस धरणारं गवत. आपल्याकडच्या लव्हाळ्याच्या जातीतलं.

त्या सकाळी मोजणी झाल्यावर वसुधा थर्मासमधला चहा घेऊन माझ्याजवळ आली.

"काय मोजत होतीस इतकं?"

"दांड्या. त्या कड्यातल्या." शेवाळात प्लास्टिकची रुंद कडी रोवलेली होती, चोवीस. प्रत्येकावर नंबर. "खाली, पाण्यात, हवा नसते ना, तिथे मिथेन तयार होतो. तापमान वाढवणारा वायू. तो शेवाळातून वर यायला निघाला की शेवाळात राहणारे जंतू त्याला खातात. बराचसा तिथेच संपतो. म्हणजे नाक्यावर झडती होते असं समजा."

"बरं."

"पण ही दांडी आतून पोकळ आहे. पार मुळापर्यंत. तिच्यातून तो सरळ वर येतो. झडतीच नाही."

"म्हणजे चोरवाट."

"गेनाऊ, अगदी तेच. म्हणून कड्यावर पेटी ठेवायची, अर्धा तास पेटीतली हवा सुईनं काढून बाटल्यांत भरायची आणि त्या कड्यात दांड्या किती ते मोजायचं. जास्त दांड्या, जास्त मिथेन. किती जास्त, तेच आमचं सगळं काम."

"मग हे गवत दुष्टच की."

वसुधानं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तिच्या मुलीला काही बोलले. "दुष्ट कसलं? पाण्यात मुळं जगवायची तर वरची हवा खाली न्यायला वाट लागते. त्याच वाटेनं खालचं वर येतं. त्याला काय माहीत."

तेवढ्यात दुसऱ्या फळीवरून हाक आली. "मावशी, पंधरा नंबर?"

हा तनय. पुण्याचा, सत्तावीस वर्षांचा, इथे डॉक्टरेट करायला आलेला. उंच, हसरा, केस सतत डोळ्यांवर. चोवीस कड्यांचं हे संशोधन त्याच्या प्रबंधाचं. वसुधा मोजून आकडा सांगायची, तो टॅब्लेटवर लिहायचा. संस्थेचा नियम असा की आकडा एकेक अंक करून जर्मनमध्ये सांगायचा आणि लिहिणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा. पण हे दोघं मोअरवर एकटेच असत. पहिल्याच आठवड्यात तनय म्हणाला होता, "मावशी, आपण इथे मराठीतच बोलू या ना. दिवसभर जर्मन बोलून डोकं भणभणतं."

"बोलून की ऐकून?"

"ऐकून. बोलतोय कुठे मी."

वसुधालाही ते बरं पडलं. ती म्हणायची, मला स्वप्नं जर्मनमध्ये पडतात कधीकधी, पण मोजताना दुसरी भाषा येतच नाही. खिशात दात कोरायच्या काड्या. दहा दांड्या झाल्या की एक काडी डाव्या खिशातून उजव्या खिशात. शेवटी आकडा. "एकोणसाठ." तिकडून "हं." पुढचं कडं. मी त्या खुर्चीत बसून ऐकत होते. परदेशातल्या दलदलीत मराठी आकडे घुमताना ऐकून मला इतका आनंद झाला की विचारू नका. आज त्या आनंदाची मला लाज वाटते, कारण ऐकण्याचा धंदा माझा, आणि मी नीट ऐकलं नाही.

तनय दर शनिवारी वसुधाकडे जेवायला असायचा. मीही असायची. एकदा त्यानं विचारलं, "आजी, तुम्ही मेन रोल पहिल्यांदा कधी केलात?"

"एकोणऐंशी साली. फेब्रुवारीत."

"अरे वा, म्हणजे बर्लिनची भिंत पडली तेच वर्ष."

ईश्वरी जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली आणि हसली. भिंत कधी पडली ते मला माहीत होतं. पण पोरगा मला दहा वर्षांनी तरुण करत होता, आणि ती दुरुस्ती करणारी नटी अजून जन्माला यायची आहे. मी त्याला आणखी एक पुरी वाढली.

असे तीन उन्हाळे गेले. वसुधाची नोकरी दरवर्षी करारावर होती. संस्थेच्या प्रमुख, प्रोफेसर ओल्टमान्सबाई, यांनी तिला सांगितलं होतं की या संशोधनाचं काम नीट पार पडलं की मोअरवरची जागा कायमची होईल आणि ती तिलाच मिळावी असं त्यांना वाटतं. निर्णय मार्चअखेर. कायमची, उनबेफ्रिस्टेट, हा शब्द वसुधानं मला तीनदा म्हणून दाखवला. तिला दुसरं काही नको होतं. त्या फळ्या, ती कडी आणि गुडघ्यावर बसून मोजायचं.

तिसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कडी रिकामी करायची वेळ आली. सगळ्या दांड्या मुळाशी कापायच्या, पिशव्यांत भरायच्या आणि प्रयोगशाळेत दुसऱ्या माणसानं मोजायच्या. आदल्या दिवशी वसुधानं मोअरवर शेवटची मोजणी केली होती. प्रयोगशाळेतल्या मोजणीशी वीस कडी जुळली. चार जुळली नाहीत. चारही कड्यांत टॅब्लेटवरचा आकडा बरोब्बर दहानं जास्त होता.

मग जुने फोटो काढले. प्रत्येक मोजणीच्या दिवशी कड्यांचे वरून फोटो घेत. ते मोजायला माणूस बसवल्यावर तिन्ही उन्हाळ्यांत अशी कडी सापडली. सगळी नाहीत, मधूनमधून एखादं. पण चूक तीच, दहानं जास्त.

बैठक झाली. वसुधानं ती मला नंतर सांगितली, एखादा प्रवेश वाचून दाखवावा तशी, आवाज न चढवता. ओल्टमान्सबाईंनी नीट, सभ्यपणे विचारलं की हे कसं झालं असेल. वसुधानं तनयकडे पाहिलं. तिला वाटलं, तो म्हणेल की आम्ही दोघं मिळून बघतो. तनय म्हणाला, "फ्राउ देवकुळे दहा-दहानं मोजतात, काड्या सरकवून. एखादी काडी दोनदा सरकली असेल. तासन्तास वाकून बसावं लागतं. या वयात ते कठीणच आहे."

"आल्टर म्हणाला, ताई. वय. चांगल्या जर्मनमध्ये म्हणाला. मीच त्याला उच्चार शिकवला होता."

"तू काय बोललीस?"

"काय बोलणार? दहाचीच चूक आहे. काडीही दहाचीच आहे."

दुसऱ्या आठवड्यापासून तिला तळघरात काम दिलं. मोअरवरून आलेल्या बाटल्या धुऊन, सुकवून, रांगेत लावायच्या. मोअरवरच्या जागेचा अर्ज मागे घ्या असं कोणी सांगितलं नाही, पण ओल्टमान्सबाई म्हणाल्या, "सध्या बघू." जर्मन माणूस 'बघू' म्हणाला की काय समजायचं ते आम्हाला दोघींना ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात वसुधा बदलली. मी वरून तिची पावलं ऐकायची. ती जिना मोजत चढायची, थांबायची, खाली जाऊन पुन्हा चढायची. माझ्याकडे मटार सोलायला बसली की दाणे दहा-दहाचे ढीग करून मोजायची आणि मग माझ्यासमोर सरकवून म्हणायची, "ताई, तुम्ही मोजा बरं." मी मोजायची. दरवेळी तिचा आकडा बरोबर.

"बघ. कुठे चुकतेस तू?"

"इथे नाही चुकत. तिथे चुकत असेन. चुकताना माणसाला कळतं थोडंच?"

भास्कर मला एकदा जिन्यात म्हणाला, "तिला सांगा ना, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. नोकरीच तर आहे." मी त्याला म्हटलं, भास्कर, नटाला कुणी सांगितलं की तुझं पाठांतर गेलं, तर ती नोकरी नसते. तो बिचारा मान हलवून गेला.

आणि तनय? तो येत होता. शनिवार चुकवत नव्हता. वसुधा वाढत होती. एकदा तर त्यानं स्वतःच तिचं सांत्वन केलं. "मावशी, होतं असं. ह्यूमन एरर." तिनं त्याला आमटी वाढली.

जानेवारीतली एक दुपार. वसुधा माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी म्हटलं, तो कागद आहे का गं तुझ्याकडे, चुकलेल्या कड्यांचा? तो तिच्या पर्समध्येच होता, घड्या पडून मऊ झालेला.

"वाच."

"कशाला?"

"मला चष्मा सापडत नाहीये. वाच."

ती वाचायला लागली. "सहा नंबर. लिहिलेत एकोणपन्नास, निघाले एकोणचाळीस. चौदा नंबर. लिहिलेत एकोणसत्तर, निघाले एकोणसाठ. एकोणीस नंबर. लिहिलेत एकोणनव्वद, निघाले एकोणऐंशी. बावीस. लिहिलेत एकोणसाठ, निघाले एकोणपन्नास."

"पुन्हा. फक्त निघालेले."

"एकोणचाळीस. एकोणसाठ. एकोणऐंशी. एकोणपन्नास."

माझा हात मेथीवर थांबला. चाळीस वर्षं मी दुसऱ्याचं वाक्य कानानं झेललं आहे, कुठल्या शब्दावर पाय पडतो ते ऐकून माझं वाक्य उचललं आहे. ते चारही शब्द एकाच पायावर उठत होते.

"वसुधा, मी पहिलं काम कुठल्या साली केलं?"

"एकोणऐंशी. आता हे काय मध्येच?"

"आणि बर्लिनची भिंत?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर ती शनिवारची रात्र, ती पुरी, ईश्वरीचं ते हसणं, सगळं एकेक करून आलेलं मला दिसलं.

"एकोण म्हणजे एक उणा," मी म्हटलं. "साठाला एक कमी, तो एकोणसाठ. आपण शाळेत घोकलं. हा इंग्रजी शाळेतला. त्याला नऊ ऐकू येतो आणि साठ ऐकू येतो. साठ आणि नऊ. सिक्स्टी नाइन."

वसुधा उठली, हात न धुताच कागद उचलून खिडकीशी गेली. मग म्हणाली, "नऊ नंबरच्या कड्यात नव्याण्णव होत्या. ते जुळलं."

"नव्याण्णवात एकोण कुठे आहे?"

"आणि अकराव्यात एकोणीस. तेही जुळलं."

"एकोणीस कुणालाही येतं."

ती वळली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले. डोळे भरले होते, पण ती हसत होती. "अहो ताई, म्हणजे माझी काडी सरकली नव्हती."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता तुझ्या बाईंना फोन लाव. तर नाही म्हणाली. "त्याला सांगते आधी. मार्चमध्ये त्याची फेर्टाइडिगुंग आहे, प्रबंध सगळ्यांसमोर मांडायचा. मी मागून जाऊन सांगितलं तर बरं दिसत नाही. तोच जाऊन सांगेल. चूकच आहे ना, गुन्हा थोडाच आहे."

तिनं माझ्यासमोरच फोन केला. सगळं समजावलं, अगदी लहान मुलाला पाढे शिकवावेत तसं, हसत हसत. मग तो म्हणाला, "मावशी, मी शीट्स चेक करून सांगतो."

चार दिवसांनी त्याचा आवाजी निरोप आला. वसुधानं मला वर येऊन ऐकवला. "मावशी, मी सगळं बघितलं. तसा काही पॅटर्न नाहीये हो. रँडम आहे. तुम्ही फार विचार करू नका. आणि डिफेन्सला तुमचे बटाटेवडे पाहिजेत हां, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"खोटं बोलतोय," मी म्हटलं.

"ताई, असं नका म्हणू. त्यानं बघितलंय. माझ्याकडे कुठे सगळी शीट्स आहेत? चार आकड्यांवरून आपण दोघींनी गोष्ट रचली असेल." तिनं फोन पर्समध्ये ठेवला. "अडीच वर्षं माझ्या हातचं जेवलाय तो. माझ्याशी खोटं कशाला बोलेल?"

तिला चूक स्वतःची असणं परवडत होतं. त्याची असणं परवडत नव्हतं.

मार्चच्या मध्यावर, सकाळी अकरा वाजता, संस्थेच्या सभागृहात फेर्टाइडिगुंग होती. वसुधानं पहाटे उठून साठ वडे तळले. मोजूनच तळले, तिला दुसरं येत नाही. इथे डॉक्टरेट मिळाली की सहकारी पुठ्ठ्याची एक टोपी करून डोक्यावर घालतात, त्या माणसाच्या कामाच्या गमतीजमती लावून. तनयच्या टोपीवर छोटे रबरी बूट होते, छोटी पेटी होती आणि कडेनं वोलग्रास. त्या गवताचा कापूस वसुधानं लावला होता, देव्हाऱ्यातल्या फुलवातींचा.

आम्ही शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो. मांडीवर वड्यांचं झाकलेलं ताट. तनय नवीन कोटात देखणा दिसत होता आणि छान बोलत होता. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता, हे मी मान्य करते. मला जर्मन जेमतेम कळतं, पण चित्रं कळत होती. शेवाळ, पोकळ दांडीचा आडवा छेद, खालून वर जाणारे बाण. मग शेजारीशेजारी दोन आलेख आले. आडव्या रेषेवर दांड्या, उभ्या रेषेवर मिथेन, आणि दोन्हींत चोवीस-चोवीस टिंबं, प्रत्येकाशेजारी कड्याचा नंबर. टिंबं एका तिरक्या रेषेला धरून ओळीनं वर चढत गेलेली, एकही इकडेतिकडे नाही.

वसुधाचा हात माझ्या मनगटावर आला.

"चौदा," ती पुटपुटली.

"काय?"

"चौदा नंबर एकोणसाठवर आहे, ताई."

मी डोळे बारीक केले. मला नुसतं टिंब दिसलं. तिला कडं दिसत होतं.

"सहा, एकोणचाळीसवर. एकोणीस, एकोणऐंशीवर. बावीसही जागेवर आहे." तिचं बोट शेजारच्या आलेखाकडे वळलं. "हा सप्टेंबरचा. फोटोंवरून केलं असेल, प्रयोगशाळेच्या आकड्यावरून केलं असेल, असं वाटलं मला. पण तो दुसरा बघा. खाली तारीख जुलैची आहे, आणि त्यातलेही एकोणाचे आकडे जागेवर आहेत. पहिल्या वर्षाच्या जुलैचे फोटोच नाहीत. कॅमेरा भिजला होता. तेव्हा फक्त मी मोजलं होतं."

म्हणजे त्यानं शीट्स उघडली होती. एकोणाचे आकडे एकेक शोधून, प्रत्येकातून दहा वजा केले होते. पॅटर्न सापडला होता त्याला. आमच्या मेथीच्या दुपारवर त्याचा आलेख उभा होता.

पडद्याजवळ तनय जर्मनमध्ये एक वाक्य बोलला. वसुधानं त्याचा मराठी अर्थ मला सांगितला, ओठ न हलवता. "म्हणतोय, मोजणाऱ्याकडून झालेल्या काही चुका आम्ही नंतर दुरुस्त केल्या."

शेवटी आभाराचं चित्र आलं. ओल्टमान्सबाईंचं नाव, सहकाऱ्यांची नावं, आईवडील. सगळ्यात खाली फ्राउ देवकुळे. नावापुढे कंसात दोन शब्द. मी विचारलं, काय लिहिलंय?

"चविष्ट जेवणासाठी."

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही प्रश्न? मी तिला कोपरानं ढोसलं. मी तिच्या जागी असते तर उठले असते, पदर खोचला असता, आणि त्या सभागृहाचं छत खाली आणलं असतं. वसुधा बसून राहिली. ताटावरच्या कापडाची एक दुमडलेली कड तिनं सरळ केली.

बाहेर व्हरांड्यात टेबलं मांडली होती. लोक बाटल्या उघडत होते, तनयला टोपी घालत होते, तिच्यावरचा फुलवातींचा कापूस हलत होता. मी वसुधाला बाजूला घेतलं. मला तिची दया आली आणि, खरं सांगायचं तर, त्या पोराचीही आली. रंगभूमीवर मी किती वेळा दुसऱ्याच्या टाळ्यांवर वाकून नमस्कार केला आहे, मला माहीत आहे. म्हणून मी म्हटलं, "घाबरला असेल गं. इतक्या लांब आलेलं पोर. तूच म्हणाली होतीस ना, पाण्यात मुळं जगवायची असतात."

"गवताला बोलता येत नाही, ताई," वसुधा म्हणाली.

मग तिनं ताटावरचं कापड काढलं. वरचा एक वडा उचलून माझ्या हातात दिला. "हा तुम्ही खा."

"मला आत्ता नको."

"खा. सगळा."

मी खाल्ला. अजून ऊबदार होता. ती ताट घेऊन टेबलाशी गेली. तनय तिला पाहून गर्दीतून वाट काढत आला, मागोमाग ओल्टमान्सबाई, हातात रिकामी बशी, हसऱ्या. तनयनं वाकून वसुधाला नमस्कार केला. टोपी घसरली, ती त्यानं एका हातानं सावरली.

"मावशी, तुमच्याशिवाय झालंच नसतं. अहो पण एवढे कशाला आणलेत? किती आहेत?"

वसुधानं ताट टेबलावर ठेवलं. त्याच्याकडे पाहिलं.

"एकोणसाठ."

त्याचा हात ताटाकडे निघाला होता, तो मध्येच राहिला. चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच होतं, पण त्याच्या मागे कुणी नव्हतं. नटाचं वाक्य हरवतं तेव्हा तो असा दिसतो. मी विंगेतून पुष्कळांना पुढचा शब्द पुरवला आहे. या वेळी मी तोंड मिटून उभी राहिले.

ओल्टमान्सबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कुतूहलानं विचारलं, त्या काय म्हणाल्या? तो शब्द पुन्हा म्हणायचा प्रयत्नही केला. एकोन, आणि पुढे अडल्या.

वसुधाला उत्तर देता आलं असतं. तिचं जर्मन त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. तिनं एक वडा बशीत घालून बाईंच्या हातात दिला, कापडाची घडी घातली, आणि मराठीतच, शनिवारी वाढताना बोलायची त्याच आवाजात, म्हणाली,

"सांग ना त्यांना, बाळा. आता तुला येतं."